पत्र्याचा डबा, सनपॅकचा भोंगा आणि आकाशगंगेतला हायड्रोजन

पत्र्याचं काम करणाऱ्याकडे जा आणि एक डबा करून घ्या. रुंदी १६.५ सेंमी, उंची १० सेंमी, लांबी २५ सेंमी. एक तोंड बंद, दुसरं उघडं. जीआय पत्रा चालतो. कोपरे मात्र आतून सोल्डर करून घ्या, फट राहता कामा नये. कशासाठी हवा, हे तो विचारणारच. आमच्या नारायणगावच्या कारागिराला मी खरं ते सांगितलं, की आकाशगंगेतला हायड्रोजन मोजायचा आहे. त्यावर त्याने एवढंच विचारलं, "मापं आतून की बाहेरून?" प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. मापं आतून.

मी इथे अठ्ठावीस वर्षं रेडिओ, टीव्ही आणि डिश दुरुस्त करतो. जवळच खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या १४ खोडदजवळ एकत्र आणि बाकीच्या तीन दिशांना कितीतरी किलोमीटर पसरलेल्या. ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी त्या पोलादी तारांच्या जाळीच्या केल्या, म्हणून हलक्या झाल्या, स्वस्त झाल्या आणि वारा आरपार जाऊ लागला. मोठ्या जाळीच्या टीव्ही डिश मीही बसवल्यात, त्यामुळे त्या जाळीबद्दल मला पहिल्यापासून आपुलकी. पण आत काय मोजतात हे कधी खोलात जाऊन पाहिलं नव्हतं. पुतणी अकरावी सायन्सला गेली आणि एक दिवस दुकानात येऊन म्हणाली, "काका, डार्क मॅटर, परग्रहावरचे सिग्नल, विश्वाची पहाट हे सगळं वाचते मी. यातलं आपल्याला काय तपासता येईल?" त्या प्रश्नापायी आमचं एक वर्ष गेलं. पत्र्याच्या डब्याला भोंगा जोडून आम्ही छोटी रेडिओ दुर्बीण केली, ती कशी ते इथे लिहितो. ज्याला सोल्डरिंग येतं आणि ज्याच्या घरी लॅपटॉप आहे, त्याला हे जमेल.

हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. दोघांनाही स्वतःची फिरकी असते. दोन्ही फिरक्या एकाच दिशेला असतील तर अणूत थोडी जास्त ऊर्जा असते. इलेक्ट्रॉनची फिरकी उलटली की ती ऊर्जा रेडिओ लहर होऊन बाहेर पडते. तिची वारंवारता १४२०.४०५७५ मेगाहर्ट्झ आणि लांबी २१.१ सेंमी. एकट्या अणूला सोडून दिलं तर हे व्हायला सरासरी १ कोटी १० लाख वर्षं लागतात. पण आकाशगंगेत हायड्रोजन इतका प्रचंड आहे की कुठे ना कुठे ते सतत चालूच असतं. ही लहर सापडेल असं डच शास्त्रज्ञ व्हॅन द हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये मांडलं. २५ मार्च १९५१ रोजी हार्वर्डमध्ये इवेन आणि पर्सेल यांनी ती पकडली, तीही प्लायवूडला आतून तांब्याचा पत्रा लावून केलेल्या आणि खिडकीबाहेर काढलेल्या भोंग्यातून. पाऊस आला की त्या भोंग्यातून पाणी थेट प्रयोगशाळेत यायचं. आपला भोंगा त्याच जातीचा आहे. त्याच्या तोंडावर प्लास्टिकचा कागद ताणून लावा. रेडिओ लहर प्लास्टिकमधून सहज जाते, पाणी जात नाही.

आता डब्याचं माप असंच का, ते सांगतो, कारण इथे माझा दीड महिना वाया गेला. पहिल्यांदा मी १५ किलोच्या तेलाचा चौकोनी डबा वापरला. पत्रा चांगला, दुकानात रिकामा पडलेला. भोंगा जोडला, सगळं केलं, पण काहीच दिसेना. केबल बदलली, कनेक्टर बदलले, अँप्लिफायरवर संशय घेतला. चूक डब्यातच होती. त्या डब्याची बाजू साधारण साडेतेवीस सेंमी. २१ सेंमीची लहर एवढ्या रुंद डब्यात एकाच पद्धतीने जात नाही. तिला अनेक वाटा फुटतात आणि आपली तार त्यातली एकच वाट धरते. नियम असा की डब्याची रुंदी अर्ध्या लहरीपेक्षा जास्त पण पूर्ण लहरीपेक्षा कमी हवी, म्हणजे १०.६ आणि २१.१ सेंमीच्या मधली. उंची अर्ध्या लहरीपेक्षा कमी हवी. १६.५ बाय १० यात नेमकं बसतं.

डब्याच्या १६.५ सेंमी रुंद बाजूवर, रुंदीच्या बरोबर मध्ये आणि बंद तोंडापासून ६.९ सेंमी अंतरावर एक भोक पाडा. तिथे पॅनलवर बसणारा एसएमए कनेक्टर (रेडिओ केबल जोडायचा छोटा कनेक्टर) स्क्रूने आवळा. कनेक्टरच्या मधल्या पिनला दोन एमएम जाडीची सरळ तांब्याची तार सोल्डर करा. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे असा तुकडा मिळतो, फक्त त्याच्यावरचं एनॅमल ब्लेडने पूर्ण खरवडा. डब्याच्या आत तार ५.२ सेंमी उभी राहिली पाहिजे. ही तारच आपला अँटेना. ६.९ हा आकडा लहरीच्या पावभाग अंतराचा आहे, मात्र डब्याच्या आतल्या लहरीच्या. मोकळ्या हवेत २१.१ सेंमी असलेली लहर या डब्यात ताणून साधारण साडेसत्तावीस सेंमीची होते, म्हणून पावभाग ६.९. मागच्या पत्र्यावर आपटून परत आलेली लहर तारेपाशी पोचते तेव्हा पुढून येणाऱ्या लहरीला मिळते आणि जोर वाढतो. हे अंतर मोजताना पट्टी बंद तोंडाच्या आतल्या बाजूला टेकवा.

भोंग्यासाठी आम्ही सनपॅकचे, म्हणजे जाहिरातींच्या पोकळ प्लास्टिकचे, बोर्ड वापरले. निवडणुकीनंतर, कार्यक्रमानंतर हे शेकड्याने पडलेले असतात. चार तुकडे कापायचे, सगळे समलंब. दोन तुकडे वर-खालचे: अरुंद बाजू १६.५ सेंमी, रुंद बाजू ७५, दोन्हींमधलं सरळ अंतर ७४.३. दोन तुकडे डाव्या-उजव्या बाजूंचे: अरुंद बाजू १०, रुंद ६०, मधलं अंतर ७५.९. कापल्यावर चारही तुकड्यांच्या तिरक्या कडा ताडून पाहा. प्रत्येक कड ७९.९ सेंमी आली पाहिजे. आमच्या एका तुकड्याची ७८ आली होती आणि भोंगा पिळवटलेला दिसत होता. तो टाकून दुसरा कापला.

आतून स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल चिकटवा. एवढी पातळ फॉइल पुरेल का, अशी शंका मलाही होती. या वारंवारतेला अॅल्युमिनियममध्ये वीज पृष्ठभागापासून दोन-सव्वादोन मायक्रॉनच खोल जाते आणि फॉइल त्याच्या कितीतरी पट जाड असते. पुरते. उन्हापावसात टिकवायचा असेल तर अर्ध्या इंची भोकांची जाळी वापरा. लहरीच्या दहाव्या भागापेक्षा, म्हणजे २.१ सेंमीपेक्षा, भोक लहान असलं की जाळी आरशासारखं काम करते. खोडदच्या डिश याच तत्त्वावर चालतात.

सगळ्यात जपून करायची जागा म्हणजे भोंगा आणि डबा जिथे मिळतात ती. फॉइल पत्र्याला थेट टेकली पाहिजे, मध्ये गोंद नको. आम्ही फॉइल दोन सेंमी जास्त ठेवली, डब्याच्या तोंडावर आतून दुमडली आणि वरून पत्र्याच्या पट्ट्या ठेवून नट-बोल्टने आवळली. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक कनेक्टरच्या बॉडीला, दुसरं भोंग्याच्या काठावर चारही बाजूंनी लावून पाहिलं. चारही ठिकाणी बीप वाजला पाहिजे.

विकत आणायच्या वस्तू दोन. एक आरटीएल-एसडीआर डोंगल, यूएसबीला लागणारं आणि लॅपटॉपचा रेडिओ करणारं. घेताना त्यात टीसीएक्सओ, म्हणजे तापमान बदललं तरी वारंवारता स्थिर ठेवणारा क्रिस्टल, आहे ना, हे पाहून घ्या. त्याची चूक दहा लाखात एक एवढीच असते, म्हणजे आपल्या वारंवारतेला साधारण दीड किलोहर्ट्झ. साध्या डोंगलची चूक पन्नास किलोहर्ट्झच्या वर जाऊ शकते आणि मग पुढे सांगतो ती मजेची मापं घेताच येणार नाहीत. दुसरी वस्तू हायड्रोजनसाठीच बनवलेला फिल्टरसह अँप्लिफायर, सॉबर्ड एच-१ सारखा. तो थेट डब्याच्या कनेक्टरवर बसवा, मध्ये केबल घालू नका. डिशवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. टीव्ही डिशचा अँप्लिफायर, म्हणजे एलएनबी, डिशच्या तोंडाशी का असतो, खाली टीव्हीजवळ का नसतो? केबलमध्ये सिग्नल एकदा मेला की नंतर कितीही वाढवा, वाढतो तो गोंगाट. अँप्लिफायरला वीज डोंगलमधूनच केबलवाटे जाते. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये 'बायस टी' ही सोय चालू करा. ते विसरलं की सगळं बरोबर असून काही दिसत नाही. आमचा एकूण खर्च बारा हजारांच्या आसपास झाला, लॅपटॉप सोडून.

सॉफ्टवेअर फुकट मिळतं. विंडोजवर एसडीआर शार्प आणि त्यात आयएफ अॅव्हरेज नावाचं प्लगइन, लिनक्सवर जीएनयू रेडिओ किंवा व्हर्गो. मध्य १४२०.४ मेगाहर्ट्झ, पट्टा २.४ मेगाहर्ट्झ, त्या पट्ट्याचे २०४८ खाने, सरासरी पाच मिनिटांची. हायड्रोजनचा सिग्नल गोंगाटाच्या जेमतेम अर्धा-एक डेसिबल वर येतो. क्षणभर बघून तो दिसत नाही, सरासरीतूनच उगवतो. वेळ चौपट केला की गोंगाट निम्मा होतो.

आधी पूर्ण साखळी तपासा. भोंगा जमिनीकडे वळवा, पातळी लिहा. मग आकाशाकडे करा. जमीन उबदार असते, तीही रेडिओ लहरी सोडते, आणि आकाश थंड. म्हणून आकाशाकडे वळवल्यावर पातळी चांगली तीन डेसिबल तरी खाली आली पाहिजे. येत नसेल तर हायड्रोजन शोधू नका, आधी तार, जोड आणि बायस टी बघा. आमच्या तेलाच्या डब्याला हा फरक अर्धा डेसिबलसुद्धा नव्हता. ही तपासणी मी पहिल्याच दिवशी केली असती तर दीड महिना वाचला असता.

आता भोंगा कुठे वळवायचा? सुरुवातीला कुठेच वळवू नका. गच्चीवर सरळ वर तोंड करून चार विटांमध्ये घट्ट बसवा. पृथ्वी फिरतेच आहे. आपल्या भागात, म्हणजे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर, आकाशगंगेचा पट्टा चोवीस तासांत दोनदा डोक्यावरून जातो. एकदा शर तारकासमूहाजवळून, एकदा वृषभ-मिथुन-मृग यांच्या मधल्या भागातून. भोंग्याला एका वेळी सुमारे २० अंश आकाश दिसतं. हात लांब करून मूठ धरली की १० अंश, म्हणजे दोन मुठी. आकाश तासाला सुमारे १५ अंश सरकतं. तेव्हा पट्टा भोंग्यासमोरून जायला तास-दीड तास लागतो.

आम्हाला पहिलं दर्शन १८ सप्टेंबरला रात्री साडेआठला झालं. ढग होते. हायड्रोजनला ढगांचं काही नसतं, दिवसाच्या उजेडाचंही नसतं. डोंगलचा स्वतःचा आलेख सपाट नसतो, मध्ये फुगलेला आणि कडांना उतरता असतो. म्हणून आधी रात्री एकच्या सुमारास, डोक्यावर पट्टा नसताना, एक आलेख घेऊन ठेवला होता. साडेआठच्या आलेखाला त्याने भागलं. पडद्यावर सपाट रेघ, आणि तिच्या मधोमध एक गोलसर उंचवटा, शेजारी दुसरा बसका. पुतणी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, हे खरंच वरून आलंय का?"

याच प्रश्नासाठी मी हे सगळं लिहितोय. कारण त्याआधी दहा दिवस आम्हाला एक खोटं शिखर मिळालं होतं आणि आम्ही दोघंही त्याच्यावर भाळलो होतो. रोज संध्याकाळी सातला १४२०.० वर सुईसारखी उभी रेघ. मी घरच्यांना बोलावून दाखवली. तिसऱ्या दिवशी पुतणीने भोंग्याच्या तोंडावर पत्रा आडवा धरला, तरी रेघ हलेना. मग आम्ही एकेक स्विच बंद करत गेलो. माझ्याच दुकानावरची सरकत्या अक्षरांची एलईडी पाटी निघाली, सातला लागणारी. उघडून पाहिली तर आत क्रिस्टल, वर छापलेलं २०.०००. वीस मेगाहर्ट्झची ७१ वी पट बरोबर १४२० येते.

तेव्हापासून आमच्या वहीत प्रत्येक शिखरासमोर चार खुणा असतात. पहिली, भोंगा झाकला किंवा जमिनीकडे वळवला की ते जातं का. दुसरी, ते रुंद आहे का. आकाशगंगेतला वायू वेगवेगळ्या वेगांनी फिरतो, म्हणून त्याचा उंचवटा शेकडो किलोहर्ट्झ पसरलेला असतो. यंत्रांचा सिग्नल बहुधा सुईसारखा येतो. तिसरी, घरातली मेन बंद करून लॅपटॉप बॅटरीवर ठेवला तरी ते राहतं का. चौथी सगळ्यात पक्की. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात. आकाशातली गोष्ट रोज चार मिनिटं लवकर आली पाहिजे. जी घड्याळाच्या त्याच ठोक्याला येते ती माणसाची. कार्ल जान्स्की यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला नेमक्या याच चार मिनिटांवरून ओळखलं, की आपल्या अँटेनातली खरखर आकाशगंगेतून येते. रेडिओ खगोलशास्त्र तिथूनच सुरू झालं. आमचा उंचवटा १८ सप्टेंबरला साडेआठला होता. ३ ऑक्टोबरला तो साडेसातला आला. पुतणीने त्या दिवशी चौथी खूण केली आणि तारखेखाली दोन रेघा ओढल्या.

हे जमलं की मोठ्या प्रश्नांकडे वळता येतं. डार्क मॅटर म्हणजे न दिसणारं, पण गुरुत्वाने ओढणारं द्रव्य. त्याचा विचार असा. सूर्यमालेत जितकं लांब तितका वेग कमी. बुध सेकंदाला ४७ किलोमीटर, नेपच्यून साडेपाचही नाही. वस्तुमान मधोमध असल्यावर असंच व्हायला हवं. आकाशगंगेत काय होतं? गरुड आणि ढाल यांच्या सीमेजवळ, आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेपासून ३० अंशांवर भोंगा लावा. इथून ती जागा डोक्यापासून दक्षिणेला २२ अंश कललेली असते. आलेखात कमी वारंवारतेच्या बाजूची शेवटची कड शोधा. तो सगळ्यात वेगाने दूर जाणारा वायू. मूळ वारंवारतेपासून प्रत्येक किलोहर्ट्झचा फरक म्हणजे सेकंदाला ०.२११ किलोमीटर वेग. पृथ्वी आणि सूर्य यांच्या स्वतःच्या वेगाची दुरुस्ती करा, त्यासाठी तयार गणकयंत्रं मिळतात. आम्हाला कड सेकंदाला १०० ते १२० किलोमीटरच्या दरम्यान मिळाली. भोंग्याला २० अंश दिसत असल्याने याहून बारीक मिळणार नाही. त्यात सूर्याच्या वेगाचा निम्मा भाग, म्हणजे ११०, मिळवायचा. बेरीज होते २१० ते २३०. हा वायू केंद्रापासून सूर्याच्या निम्म्या अंतरावर आहे. सूर्याचा वेग आपण २२० धरलाय. अंतर निम्मं आणि वेग जवळजवळ तोच!

इथे मी पुतणीला थांबवलं, तुम्हीही थांबा. एवढ्यावरून डार्क मॅटर सिद्ध होत नाही. आकाशगंगेच्या आतल्या भागात तारेही भरपूर आहेत, हा सपाटपणा बराचसा त्यांच्यामुळेही येऊ शकतो. खरी अडचण बाहेर आहे, जिथे तारे संपत आलेत तरी वेग उतरत नाही. खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रूबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी आकाशगंगेत हे दाखवलं. पुढे त्याच २१ सेंमीच्या लहरीने इतर आकाशगंगांच्या ताऱ्यांपलीकडच्या वायूतही तेच दिसलं. आपल्या भोंग्याने त्या आलेखातले आतले दोन-तीन ठिपके स्वतःच्या हाताने काढता येतात. बाकीचे ठिपके दुसऱ्यांनी काढलेत, पण कसे काढले असतील हे आता कळतं.

विश्वाच्या पहाटेची गोष्ट एफएमवाल्यांच्या फार जवळची आहे. विश्व ताणलं जातं तशी वाटेतली लहरही ताणली जाते. १४२० ला १६ ने भागा. ८८.८ येतात. पहिल्या ताऱ्यांच्या काळातल्या, विश्व तीसेक कोटी वर्षांचंही झालेलं नसतानाच्या हायड्रोजनची लहर आज आपल्या एफएमच्या पट्ट्यात आणि त्याच्याखाली येऊन पडते. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात ठेवलेल्या एजेस या उपकरणाने ७८ मेगाहर्ट्झजवळ एक खळगा सापडल्याचं जाहीर केलं. अपेक्षेपेक्षा खोल होता, त्यामुळे डार्क मॅटरबद्दल नवनव्या कल्पना निघाल्या. बंगळूरच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटने काय केलं? त्यांचं सारस नावाचं उपकरण त्यांनी कर्नाटकातल्या तलावांवर तरंगतं ठेवलं. जमिनीत खडक, माती, ओल यांचे थर असतात, त्यांच्यावर आपटलेल्या लहरी आलेखात वेडेवाकडे चढउतार आणतात. पाणी एकसारखं असतं. २०२२ मध्ये त्यांनी निकाल मांडला, की तो खळगा त्यांच्या मापनात नाही. मी हे वाचलं तेव्हा मला आमची एलईडी पाटी आठवली. कितीतरी बारीक पातळीवरचं काम, पण विचारणं तेच: हे वरून आलंय की आपल्याच उपकरणातून, पायाखालून?

हे भोंग्याने घरी जमणार नाही, एफएम स्टेशनच्या दणक्यात तर नाहीच. म्हणून आता चंद्राच्या मागच्या बाजूला रेडिओ दुर्बिणी नेण्याचे बेत आखले जातात. तिथे पृथ्वीवरचं एकही स्टेशन पोचत नाही. आपल्याकडे त्यासाठी प्रत्युष या यानाची कल्पना मांडली गेली आहे. जवळचं उदाहरण हवं तर खोडदचं घ्या. २०२३ च्या जानेवारीत जीएमआरटीच्या निरीक्षणांतून एका आकाशगंगेचा हायड्रोजन सापडल्याचं प्रसिद्ध झालं. तिथून लहर निघून ८८० कोटी वर्षं झाली होती. इथे पोचेपर्यंत १४२० चे ६२० मेगाहर्ट्झ उरले होते, जुन्या यूएचएफ टीव्हीच्या पट्ट्यात. मधल्या एका आकाशगंगेच्या गुरुत्वाने तो सिग्नल तीसेक पट मोठा केला, म्हणून तो दिसला.

परग्रहवासीयांबद्दल थोडंच लिहितो. १९५९ मध्ये कोकोनी आणि मॉरिसन या शास्त्रज्ञांनी सुचवलं, की बोलायचं असेल तर १४२० च्या आसपास बोलतील, कारण हा आकडा सगळ्यांना ठाऊक असणार. पायोनियर १० या अवकाशयानावरच्या तबकडीवरही मोजपट्टी म्हणून हायड्रोजनच कोरलाय. १५ ऑगस्ट १९७७ ला अमेरिकेतल्या ओहायोच्या रेडिओ दुर्बिणीत याच वारंवारतेच्या आसपास ७२ सेकंद एक जोरदार सिग्नल आला, पुन्हा कधी आला नाही. चार खुणांपैकी चौथी त्याला कधी मिळालीच नाही. तुमच्या पडद्यावर अरुंद सुई दिसली तर वेळ सेकंदासह लिहा, भोंगा दोन मुठी बाजूला करा, परत आणा, मेन बंद करा, आणि दुसऱ्या दिवशी चार मिनिटं आधी तिथेच बसा. १४०० ते १४२७ हा पट्टा जगभर अशा निरीक्षणांसाठी मोकळा ठेवलेला असतो. त्यात काहीही प्रक्षेपित करू नका, प्रयोग म्हणूनसुद्धा.

आता आमच्या लाडक्या मापाकडे येतो. त्याला सहा महिने लागतात आणि भोंगा जागचा हलवायचा नसतो. २२ सप्टेंबरच्या आसपास सकाळी साडेसहाला वृषभ-मिथुनाजवळचा पट्टा डोक्यावर असतो. त्या दिशेचा वायू आपल्यापासून फारसा दूर जात नाही की जवळ येत नाही, म्हणून उंचवटा एकच आणि नेटका येतो. त्या दिवसांत पृथ्वी आपल्या कक्षेत नेमकी तिकडेच धावत असते. त्याचा मध्य किती वारंवारतेवर आहे ते लिहून ठेवा. मग २१ मार्चच्या आसपास संध्याकाळी साडेसहाला, जेव्हा तोच भाग पुन्हा डोक्यावर येतो, तेव्हा परत मोजा. आता पृथ्वी त्याच्यापासून दूर पळत असते.

आम्ही मधले सहा महिने भोंगा गच्चीवरच ठेवला. फॉइल दोन ठिकाणी फाटली, ती बदलली, पुन्हा बीप तपासले. मार्चच्या त्या संध्याकाळी पुतणीची परीक्षा नुकतीच संपली होती. पाच मिनिटांची सरासरी पूर्ण झाली आणि उंचवटा डावीकडे सरकलेला होता. तिने मध्य मोजला, सप्टेंबरच्या पानावरचा आकडा वजा केला. २७० किलोहर्ट्झ. निम्मे १३५. त्याला ०.२११ ने गुणलं. साडेअठ्ठावीस किलोमीटर दर सेकंदाला. पुस्तकात पृथ्वीचा सूर्याभोवतीचा वेग २९.८ दिलाय. तिने पुस्तक मिटलं, आणि वहीत आमचा आकडा लिहिला.